चांद्याची तहकूब सभा

फुलवंताचा आवाज गेला हे मला कळलं, तो मंगळवार होता. फुलवंता स्वतः त्याच्या आधीच्या वर्षी गेली होती. ती गेली त्या दिवशी घरात उभं राहायला जागा नव्हती, इतकी माणसं. आवाज गेला त्या दिवशी मी एकटा, हातात चहाचा कप, आणि समोर काळी स्क्रीन.

आधी हे सांगतो की आवाज म्हणजे काय. फुलवंताला लिहायचा कंटाळा होता. मोबाइल आल्यावर तिला माइकचं बटण सापडलं आणि तिथून आमचा संसार त्या बटणावर चालू लागला. मी ओसरीवर बसलेला असलो तरी ती चुलीपासून मला निरोप पाठवायची. मला तो दोनदा ऐकू यायचा, आधी भिंतीतून आणि मग मोबाइलमधून. "अजी, येतानी सांबार आनजा." "अजी, बांधीवर साप निघाला म्हनते, चप्पल नका घालू, बूट घाला." आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर आणि बांधी म्हणजे धानाचं शेत. एवढंच असायचं. त्यात जपून ठेवण्यासारखं काही आहे हे ती असताना माझ्या डोक्यात आलं नाही.

ती गेल्यावर आमच्या मुलाने, खुमेंद्रने, माझ्या मोबाइलमधले हे सगळे निरोप काढून घेतले. बरं झालं. कारण पुढच्याच रोवणीत तो मोबाइल माझ्या खिशातून बांधीत पडला आणि चिखलात असा गेला की वर फक्त बुडबुडे आले.

खुमेंद्र हैदराबादला एका कंपनीत आहे. तिथे तो शेकडो कंप्युटरांची तब्येत पाहतो. माणसांचे डॉक्टर असतात तसा. तो म्हणाला, "पप्पा, एका जागी ठेवलेली गोष्ट एक दिवस जातेच. आपण तिघांकडे ठेवू." मग त्याने कंपनीने टाकून दिलेले तीन लहान डब्यांएवढे कंप्युटर आणले, एकमेकांना जोडले आणि आमच्या गावात क्लस्टर केलं. सालेकसा तालुक्यात आमच्या गावचं नाव रेल्वे थांबत नाही म्हणून प्रसिद्ध आहे. तिथे क्लस्टर झालं.

आमच्या गल्लीत खांबावरून तीन फेज येतात. आमच्या घराला एक, शेजारच्या ईश्वरदासच्या घराला दुसरी, पलीकडच्या मंदाबाईकडे तिसरी. त्यातली एक तरी फेज आठवड्यातून दोनदा जाते. खुमेंद्रने विचार करून एकेका घरात एकेक डबा ठेवला आणि भिंतींवरून तारा ओढल्या. एक फेज गेली तरी दोन डबे जिवंत राहणार. डब्यांना त्याने माझ्या वडिलांच्या बैलांची नावं दिली. आमच्या घरी चांद्या, ईश्वरदासकडे बांड्या, मंदाबाईकडे मोऱ्या. ईश्वरदासला बदल्यात फुकट इंटरनेट मिळालं. मंदाबाई शेवया-पापड करून विकते, ती म्हणाली, मले इंटरनेट नको, डब्बा गरम राहते का तेवढं सांगा. तेव्हापासून ती मोऱ्यावर दही लावते. चांगलं लागतं, मी खाल्लं आहे.

चांद्याचे मात्र आमच्या घरी हाल होते. त्याला मुंग्या लागायच्या. मी तो स्टुलावर ठेवला, स्टूल स्वयंपाकघरातल्या एका मोठ्या पितळी परातीत ठेवलं आणि परातीत पाणी भरलं. खुमेंद्रने फोटो पाहून डोक्याला हात लावला. पण मुंग्या बंद झाल्या.

आता रोजचं काम. खुमेंद्रने मला सांगितलं होतं, "पप्पा, रोज सकाळी तिघांची खुशाली विचारायची." त्यासाठी काळी स्क्रीन. तिच्यात चित्र नाही, बटण नाही, दाबायला काही नाही. पांढरी रेघ लुकलुकत असते. त्याने माझ्यासाठी एकच शब्द बनवून दिला होता, 'हाल'. इंग्रजी अक्षरांत तो टाइप करायचा आणि एंटर मारायचा. मग तीन ओळी येतात. चांद्या जिवंत, बांड्या जिवंत, मोऱ्या जिवंत. ते वाचलं की मी चहा घेऊन फुलवंताचा एक निरोप ऐकायचो. एकच. सगळे एका दिवशी ऐकले तर उद्या काय ऐकू, अशी भीती वाटायची.

त्या मंगळवारी सकाळी मी हाल लिहिलं. चांद्या जिवंत. बांड्या, उत्तर नाही. मोऱ्या, उत्तर नाही. आणि खाली एक चौथी ओळ, जी मी कधी पाहिली नव्हती. तिच्यात इंग्रजीत लिहिलं होतं, नो कोरम.

मी चहाचा कप खाली ठेवला.

हे समजायला माझी नोकरी सांगावी लागेल. मी ग्रामसेवक होतो. गावात आम्हाला सचिव म्हणतात. दुसऱ्या खात्यांत माणसं साहेबाला घाबरतात, आम्ही कोरमला घाबरायचो. ग्रामसभेला ठरावीक माणसं आली नाहीत तर कोरम नाही, कोरम नाही तर सभा नाही, सभा नाही तर ठराव नाही. मी कोरमसाठी माणसं धानाच्या चिखलातून ओढून आणली आहेत, जेवणाच्या ताटावरून उठवली आहेत. निवृत्तीच्या दिवशी वाटलं, हा शब्द आयुष्यातून गेला. तो मशीनमधून परत आला.

निरोप वाजवायला गेलो. वाजला नाही. दुसरा, तिसरा, एकही नाही.

आमच्या घरात रेंज देवघराच्या खिडकीपाशी येते. तिथे उभं राहून खुमेंद्रला फोन लावला. तो घाईत होता.

"पप्पा, दोन फेज गेल्या असतील. खांबावर काम चालू आहे का?"

बाहेर पाहिलं. मुन्ना लाइनमन शिडी लावत होता. "हो, चालू आहे."

"मग काही नाही. तिघांपैकी दोन नसले की सगळं थांबतं. लाइट आली की ते आपोआप उठतील. तुम्ही काही करू नका. समजलं ना? काहीच करू नका. मी मीटिंगमध्ये आहे."

काहीच करू नका. दवाखान्यात फुलवंताला आत नेलं तेव्हा डॉक्टरही हेच म्हणाले होते. मी बाकावर बसून काहीच केलं नाही. त्यानंतर मला कोणी काही करू नका म्हटलं की मला बसवत नाही.

तरी बसलो. हाल लिहिलं. तेच. पुन्हा लिहिलं. तेच. चांद्या जिवंत, बाकी उत्तर नाही. भादव्याचा उकाडा, आमच्याकडे पंखा चालू, आणि मला घाम.

तेवढ्यात शालीकराम आला. हा आमचा माजी सरपंच. त्याच्या घरची लाइट गेली होती, म्हणून तो आमच्या पंख्याखाली आला होता. पण बसताना म्हणाला, "तुमची तब्येत पाहाले आलो, सचिव."

मी त्याला स्क्रीन दाखवली. दाखवायला नको होती. सल्ला मागायचा नाही असं ठरवून माणूस शालीकरामसमोर बसला तरी सल्ला त्याला मिळतोच.

"कोरम नाही?" तो खुर्ची ओढून पुढे सरकला. "मंग तहकूब करा ना गा!"

"काय तहकूब करा?"

"सभा. आपुन काय करत होतो? कोरम नसला की तहकूब. मंग थोड्या वेळानं त्याच जागी पुन्हा सभा. तहकूब सभेले कोरम लागते का?"

"नाही लागत," मी म्हणालो. माझ्या तोंडून ते आपोआप निघालं. तहकूब सभेला कोरम लागत नाही. अर्ध्या ग्रामपंचायतींचा कारभार या एका वाक्यावर चालला आहे. आमच्या गावाचा रस्ता, टाकी आणि स्मशानशेड हे तिन्ही तहकूब सभेत मंजूर झाले, आणि सभेला मी, शालीकराम आणि शिपाई होतो.

"हे मशीन आहे, शालीकराम."

"मशीन कोनं बनवली? मानसानंच ना? मानसानं आपला कायदा पाहूनच बनवली असन. खालती काय लिहून राह्यलं ते वाचा."

खाली खरंच लिहिलं होतं. कोरम नसेल तर पुढे जाण्यासाठी अमुक आदेश लिहा, आणि त्या आदेशाच्या शेवटी फोर्स हा शब्द. मला तो आदेश अगदी आपल्या नियमासारखा वाटला. कायद्यात पळवाट असते तशी मशीनने ठेवलेली पळवाट. चांद्या हजर आहे, सभा त्याच जागी आहे, थोडा वेळही झाला आहे.

मी थांबलो. रीतसर थांबलो. तहकुबीनंतर जेवढं थांबतात तेवढं. त्या वेळात शालीकरामने चहा मागितला आणि चहा पिताना सांगितलं की हैदराबादच्या पोराले आपल्या पंचायतीचा अनुभव नाही.

मग मी तो आदेश टाइप केला. मशीनने विचारलं, नक्की का? हो किंवा नाही. हा प्रश्न मला आवडला. ग्रामसभेत कोणी विचारत नव्हतं.

"हो म्हना," शालीकराम म्हणाला. "सूचक तुम्ही, अनुमोदक मी."

मी हो लिहिलं.

स्क्रीनवर भराभर ओळी धावल्या आणि थांबल्या. कोरम आहे. सदस्य एक. नोंदी शून्य.

शून्य.

मी निरोप शोधले. नव्हते. मघाशी ते वाजत नव्हते, पण त्यांची नावं तरी दिसत होती. आता नावंही नव्हती.

"असं कसं गा?" शालीकराम उठला. "चाल बाप्पा, लाइट आली का पाहातो." आणि गेला. अनुमोदक असाच असतो.

मी खिडकीपाशी गेलो. खुमेंद्रने फोन घेतला नाही. पुन्हा लावला. नाही. शेवटी त्याचाच आला.

"पप्पा, तुम्ही फोर्स तर नाही ना केलं?"

बापाला मुलासमोर गप्प उभं राहावं लागतं तेव्हा खिडकीबाहेर पाहण्यासारखं बरंच काही असतं. मी मुन्नाकडे पाहिलं. तो अर्ध्या खांबावर होता.

"तहकूब सभा घेतली," मी म्हणालो.

"काय घेतली?" मग त्याला कळलं. तो काही ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. "पप्पा, नीट ऐका. चांद्याची डिस्क नवी आहे. ज्येष्ठात वीज पडून जुनी जळली होती ना? नवीवर मी रविवारी आईचे मेसेज चढवणार होतो. चांद्या रिकामा आहे."

मला आठवलं. डिस्क कुरियरने आली होती, मीच पेचकसाने बसवली होती. चांद्या म्हणजे नुकताच निवडून आलेला सदस्य. मागच्या सभेचं इतिवृत्त त्याला वाचून दाखवलेलं नाही, आणि मी त्याला एकट्याला बसवून ठराव पास करून घेतला होता.

"खरे मेसेज बांड्या आणि मोऱ्याकडे आहेत," खुमेंद्र सांगत होता. "आता लाइट आली की ते उठतील आणि विचारतील, सभेत काय ठरलं? चांद्या म्हणेल, शून्य. तो बहुमत झालाय, ते त्याचं ऐकतील. स्वतःकडचं पुसून टाकतील. ते दोघं उठायच्या आधी, पप्पा..."

आणि रेंज गेली.

खिडकीबाहेर मुन्ना खांबाच्या टोकाला पोचला होता.

मी बाहेर पळालो. पायात एक चप्पल माझी होती आणि एक शालीकरामची. तो माझी घालून गेला होता.

मंदाबाई अंगणात शेवया वाळत घालत होती. "मंदाबाई, मोऱ्या बंद करा! पिन काढा!"

"बंदच आहे जी. लाइट कोठी आहे?"

"लाइट यायच्या आधी काढा. लाइट आली की फुलवंता जाते!"

हे वाक्य बाहेरून कसं ऐकू येतं हे माझ्या लक्षात आलं नाही. तिने माझ्याकडे पाहिलं, एका पायातल्या शालीकरामच्या चपलेकडे पाहिलं, हात पदराला पुसले आणि काही न विचारता आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या एका हातात पिन होती आणि दुसऱ्या हातात दह्याचं भांडं. "काढली. हिसक्यानं दही सांडन म्हनून हेबी आनलं."

मोऱ्या वाचला. बांड्या राहिला. ईश्वरदासच्या दाराला कुलूप होतं. तो बिरसीला, विमानतळाच्या गावी, लेकीकडे गेला होता. तिकडे गेला की तो दिवसभर विमानं उडताना पाहतो आणि फोन उचलत नाही, कारण विमानाच्या आवाजात त्याला फोन ऐकू येत नाही. मी दाराला धक्के मारले. खिडकीतून आत पाहिलं. कपाटावर बांड्या दिसत होता, अंधारात, शांत. हात पोचत नव्हता.

मग मी खांबाखाली गेलो आणि आयुष्यात कधी कोणी ओरडलं नसेल असं ओरडलो.

"मुन्ना! लाइट देऊ नको!"

गल्ली बाहेर आली. सकाळपासून पंखे बंद, पोरं घामाने रडताहेत, म्हाताऱ्या सुपाने वारा घेताहेत, आणि ज्याच्या घरी लाइट आहे तो माणूस खांबाखाली उभा राहून म्हणतो, लाइट देऊ नको.

"काऊन जी?" कोणीतरी विचारलं. "तुमची चालू आहे म्हनून आमची नको?"

"सचिवच होय तो," गर्दीतून आवाज आला. "कोन्तंबी काम अडवल्याबिगर जेवन जात नाही."

वरून मुन्ना म्हणाला, "क्या हुआ साहब? बस दो मिनट. दोनों फेज दे रहा हूँ."

"ईश्वरदासची वायर तेवढी काढून ठेव! एकच घर!"

"ईश्वरदास काका बोले क्या?"

"तो बिरसीला आहे. मी सांगतो ना."

मुन्नाने खाली पाहिलं. तो गोंदियाचा, हिंदीतच बोलतो, पण पुढचं त्याने मुद्दाम मराठीत म्हटलं, म्हणजे सगळ्यांना कळावं. "दुसऱ्याच्या कनेक्शनसाठी तुमच्या तोंडी सांगण्यावर कसं करू साहेब? अर्ज लिहून आणा. झेरॉक्स जोडा. मी रहिवासी दाखल्याला आलो होतो, तेव्हा तुम्हीच शिकवलं."

गल्ली हसली. शालीकरामही हसला. तो गर्दीत मागे उभा होता, माझी एक चप्पल घालून. अपमान झाला की माझा कान गरम होतो. पण त्या दिवशी कान गरम व्हायलाही वेळ नव्हता. मी हात जोडले. सगळ्यांसमोर, एका लाइनमनला, वर पाहून. म्हणालो, "मुन्ना, माझ्या बायकोचा आवाज आहे त्या घरात."

आता गल्ली गप्प झाली. गप्प झाली ती समजून नाही. त्यांना वाटलं, सचिवाचं डोकं गेलं. एक म्हातारी म्हणाली, "बिचारा. एकटा मानूस." कोणीतरी ओसरीवर खाट टाकायला धावलं.

मंदाबाई तोवर दह्याचं भांडं घेऊन तिथे आली होती. तिने मला हळूच विचारलं, "भाऊजी, का बिघडलं ते साधं सांगा."

मी सांगितलं. की माझ्या घरचा डबा खोटा बोलतो आहे, आणि बाकीचे दोन जागे झाले की त्याचं ऐकून स्वतःकडचं खरं पुसतील.

ती म्हणाली, "मंग तुमचाच बंद करा ना."

"माझा?" मी म्हणालो.

"लोकाची घरं बंद करत फिरून राह्यले," ती म्हणाली. "खोटा बोलनारा तुमच्या घरी आहे ना? त्याचं तोंड बंद करा. कोन विचारनार मंग त्याले?"

खांबावरून मुन्ना ओरडला, "हटो नीचे से! दे रहा हूँ!"

मी धावलो. माझं वय धावायचं नाही आणि दोन चपला दोन मापांच्या. दारात एक निसटली. चांद्याजवळ पोचलो आणि भिंतीतली पिन ओढली. चांद्या बंद झाला नाही. त्याचा हिरवा दिवा चालूच, वरून तो टुकटुक वाजू लागला. खुमेंद्रने खाली बॅटरी लावली होती. दोन फेज गेल्या तरी निदान पप्पांचा डबा चालू राहावा म्हणून. मुलं बापासाठी फार विचार करतात, आणि तो नेमका अशा वेळी आडवा येतो.

बॅटरीचं बटण कुठे आहे हे मी कधी पाहिलं नव्हतं. वाकून शोधायला गेलो तर पाय परातीत पडला. पाणी जमिनीभर. पडलेलं पाणी, हातात वायर, आणि समोर बॅटरी. मी ग्रामसेवक होतो, विजेचं मला कळत नाही, पण एवढं कळतं. मी पाय उचलून पलंगावर चढलो आणि तिथून चांद्याच्या पाठीतून येणाऱ्या सगळ्या तारा मुठीत धरून ओढल्या. एक जाड, एक निळी, आणि एक जी टीव्हीची निघाली. प्लॅस्टिकचं काहीतरी कट्‌ करून तुटलं. हिरवा दिवा गेला.

त्याच वेळी गल्लीत ओरडा झाला. "आली! आली!"

दिवा आधी गेला की लाइट आधी आली, हे मला आजही सांगता येत नाही. मी पलंगावर उभा होतो, मुठीत तारा. सगळ्या गल्लीचे पंखे सुरू झाल्याचा आवाज मी ऐकला. ईश्वरदासचा पंखाही त्यात असेल, तो बटण चालू ठेवूनच जातो. आणि बांड्याही.

आता हाल विचारायचं. पण विचारायचं कुठून? काळी स्क्रीन चांद्याची होती, आणि चांद्याला मी मारला होता. मग मी ती स्क्रीन आणि कीबोर्ड उचलून मंदाबाईकडे घेऊन निघालो. स्क्रीन डोक्यावर, कीबोर्ड काखेत, वायर मागे लोळत. गल्लीने रस्ता दिला. मघाचा तो, ज्याने मला काम अडवणारा म्हटलं होतं, त्याने वायर उचलून धरली, लग्नात शेला धरतात तशी.

मंदाबाईच्या स्वयंपाकघरात पाटावर स्क्रीन ठेवली. एका बाजूला शेवयांची चाळण, दुसऱ्या बाजूला पीठ. मोऱ्या अजून बंद होता. त्याची पिन लावायची, म्हणजे तो उठून बांड्याला विचारणार. बांड्याने आधीच चांद्याचं ऐकलं असेल तर मोऱ्याही गेला. लावली नाही तर काही कळणार नाही, पण काही जाणारही नाही.

मंदाबाईच्या घरात चुलीजवळच्या खिडकीत रेंज असते. तिथून खुमेंद्रला फोन लागला. त्याला सगळं सांगितलं. त्याने पुन्हा एकदा सगळं क्रमाने विचारलं. मग म्हणाला, "बांड्या उठायला वेळ घेतो. तुम्ही चांद्या बंद केला असेल तर बहुतेक... पप्पा, मला इथून दिसत नाही. लावा."

"बहुतेक म्हणजे?"

"बहुतेक म्हणजे बहुतेक."

मी पिन हातात धरून बसलो. मंदाबाईने माझ्या हातातून ती घेतली नाही, लावा म्हणाली नाही, नका लावू म्हणाली नाही. शेवयांवरून हात फिरवत राहिली. शेवटी मीच लावली. मोऱ्या गुरगुरला. मी हाल लिहिलं, पीठ लागलेल्या कीबोर्डवर.

बांड्या जिवंत. मोऱ्या जिवंत. चांद्या, उत्तर नाही. आणि खाली, कोरम आहे.

नोंदी किती, तो आकडा त्याच्या खाली होता. मी तो वाचला नाही. तो शून्य नव्हता, एवढं लांबूनच दिसलं. शून्य एवढा रुंद नसतो.

"वाजवा ना," मंदाबाई म्हणाली.

कोणता वाजवू हे मी पाहिलं नाही. बोट लागलं तो वाजला. स्वयंपाकघरात फुलवंताचा आवाज आला, भांड्यांच्या खडखडाटातून, नेहमीसारखा जरा चिडका.

"अजी, आयकता का? घरी येऊन राहिले असान तं मंदाबाईची परात देऊन देजा. पितळेची. शेवयाले आनली होती. चार महिने झाले, बाई तोंडानं मांगत नाही, पन मनात म्हनत असन. आन सांबार आनजा."

मंदाबाईचा हात शेवयांवर थांबला.

"माही परात," ती म्हणाली. "पितळेची. मी सगळं घर धुंडाळलं. मले वाटलं चोरी गेली."

फोनवर खुमेंद्र होताच. त्याने आईचं ऐकलं. मग तो म्हणाला, "पप्पा, परात कुठे आहे?"

मी सांगितलं, कुठे आहे.

मंदाबाई मला बोलेल असं वाटलं होतं. बोलली नाही. डोळे पुसले, मग हसायला लागली, मग पुन्हा पुसले. म्हणाली, "एकदा अजून लावा जी." मी पुन्हा लावला. एका दिवसात एकच ऐकायचा, हा माझा नियम त्या दिवशी दोनदा मोडला. संध्याकाळी ईश्वरदास बिरसीहून आला, त्याला दारावर माझ्या हातांचे ठसे दिसले आणि तो चोरीची तक्रार द्यायला निघाला. त्याला बसवून ऐकवावा लागला, म्हणजे तिसऱ्यांदा.

खुमेंद्रने नंतर सांगितलं की सगळे निरोप जागेवर आहेत. बांड्या उठायच्या आत चांद्याचं तोंड बंद झालं होतं. मी विचारलं, किती वेळ होता? तो म्हणाला, ते नका विचारू.

मुन्ना दुसऱ्या दिवशी घरी आला. त्याला आवाज ऐकायचा होता. मी म्हणालो, अर्ज लिहून आण. तो हसला. मग मी ऐकवला. जाताना त्याने सांगितलं की पुढच्या वेळी फक्त हाक मारा, काढून देईन.

चांद्या अजून स्टुलावर आहे, तारा तुटलेल्या. खुमेंद्र दिवाळीला येईल तेव्हा नवी वायर लावेल आणि मागचं सगळं चांद्यावर चढवेल. तोवर दोघांवरच चाललं आहे, आणि दोघांपैकी एकही पडलेला चालणार नाही. मी सकाळी हाल विचारतो, दुपारी विचारतो, लाइट गेली की उठून जाऊन विचारतो. फोर्स हा शब्द खुमेंद्रने माझ्या स्क्रीनवरून काढून टाकला आहे. शालीकरामची चप्पल परत केली, माझी मिळाली.

परात परातीच्या जागीच आहे. मुंग्या पुन्हा लागू नयेत म्हणून पाणी भरलेलं आहे. मंदाबाई म्हणाली, चांद्या जोडला जाईपर्यंत राहू द्या. चांद्या जोडायचा राहिला आहे, आणि परात द्यायची राहिली आहे.